वळणावरचा भाजीबाजार

४ मार्च

प्रिय वकीलबाई,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. न वाचता फाडलंस तरी पाकिटावरचं अक्षर दिसेल आणि मी अजून पिच्छा सोडलेला नाही, एवढं तरी तुला कळेल. तुझा दादा म्हणतो, तिला जरा वेळ दे. तुझ्या दादाकडे वेळ नेहमीच भरपूर असतो. मला मात्र स्वस्थ बसवत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? कॉलेजात शेजारी बसून माझा हलणारा पाय तू स्वतःच्या पायाने दाबून धरायचीस. तूच मला तुमच्या घरी आणलंस, भावाशी ओळख करून दिलीस, मैत्रिणीची वहिनी केलीस. आणि आता म्हणतेस, मी तुझं माहेर मोडलं.

मोडलं नाही गं, हलवलं. फ्लॅट सोडण्याआधी तुला विचारलं असतं तर तू ‘नाही’ म्हणाली असतीस, आणि ते ऐकून तुझा दादा निवृत्त होईपर्यंत त्या बिल्डरच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढत बसला असता. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत बसले असते. तुमच्या आप्पांची जमीन रस्त्याला लागून नुसती पडून होती. आता तिथे घेवडा आहे, काकडी आहे, टोमॅटो, वांगी, पालक. पत्र्याचं घर आहे, गळत नाही. विहिरीला पाणी आहे.

पहिला माल घेऊन आम्ही मोठ्या मंडईत गेलो. व्यापाऱ्याने क्रेटमधून एक टोमॅटो उचलला, दुसरा उचलला, दोन्ही तळहातांवर धरले आणि म्हणाला, “ताई, ही एका आईची लेकरं वाटत नाहीत.” त्याला सगळी एका मापाची हवी होती. माल परत घेऊन निघालो. वाटेत टेम्पोचा टायर बसला. टायरवाला काम करत होता तेवढ्यात त्याची बायको टोपली घेऊन आली, मग शेजारचा सलूनवाला आला, मग बसची वाट बघणारी माणसं. चाक चढेपर्यंत क्रेट अर्धे रिकामे. लेकरं कुणाची हे कुणीही विचारलं नाही.

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. आपल्याच जमिनीच्या कडेला, रस्त्यावर, आपला स्वतःचा बाजार. तुझा दादा म्हणाला, “विचार करू.” म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.

तुझी आई मजेत आहे. खाते, झोपते, ओसरीवर बसून पेपर वाचते. हवा मानवली आहे तिला. काळजी करू नकोस.

तुझी
वहिनी


२९ मार्च

वकीलबाई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, मी बोलते, तू ऐक. हेही काही नवीन नाही.

तुझ्या दादाने बाजाराच्या शेडचा नकाशा काढला. मग फळ्यांचा काढला. मग पाटीचा. चौथा कागद पिनांनी लावायला लागला तेव्हा मी ठिणगीला बोलावलं. ठिणगी म्हणजे आमच्या समोरचा वेल्डर. भोकं नाहीत असा त्याचा एकही शर्ट नाही, म्हणून सगळा रस्ता त्याला ठिणगी म्हणतो आणि तोही ओ देतो. त्याने नकाशे उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, “वहिनी, भाजी विकायचीय की विमानं उतरवायचीत?”

तुझा दादा रोपं आणायला गेला होता. परत येईपर्यंत चारही खांब उभे. रोपं त्याने सावलीत ठेवली, खांबांभोवती एक चक्कर मारली आणि घरात गेला. जेवताना म्हणाला, “दुसरा खांब ओळंब्यात नाही.” बास. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर साहेब शिडीवर, ठिणगी खाली, आणि दुसरा खांब सरळ होतोय. मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही म्हणून आई माझ्याकडे बघून हसली.

पत्रे चढले, फळ्या लागल्या, पाटी लागली. पहाटेपासून भाजी धुऊन मी ओळीने मांडली. आणि कुणी थांबेना. आमची शेड वळणाच्या लगेच पुढे येते. गाडीवाल्याला पाटी दिसते तोवर तो पुढे गेलेला असतो. माणसं मान वळवून मागे बघतात, पण मागे वळून येत कुणी नाही. मी दिवसभर त्या वळणावरून खालीवर करत राहिले, जणू माझ्या चालण्याने रस्ता सरळ होणार होता. तुझा दादा म्हणाला, “तू बस ना जरा.” मी त्याच्यावर ओरडले.

शेवटी आई म्हणाली, “अगं, पाटी वळणाच्या अलीकडे लाव. माणूस दारावरून पुढे गेल्यावर या म्हटलं तर तो कसा येणार?” (ती तिथे सहज फेरी मारायला आली होती. उगाच मनात काही आणू नकोस.)

पाटी हलवली. आणखी एक लहान पाटी त्याच्याही अलीकडे लावली: ‘हळू करा, काकडी आहे.’ ही पाटी ठिणगीची. पहिली गाडी थांबली, तिच्यातून एक शिक्षिका उतरल्या. भाजीकडे बघत नुसत्याच उभ्या. आई माझ्या कानात म्हणाली, “तू परीक्षानळ्या मांडल्यासारखी भाजी मांडलीयस. बाईंना हात लावायची भीती वाटतेय.” आणि तिने माझ्या सगळ्या ओळी मोडून ढीग केले. शिक्षिकाबाईंचा हात लगेच ढिगात गेला.

मला राग आला होता, आणि मी त्याच वेळी पिशव्या भरत होते.

वहिनी


१७ मे

तुझा निरोप मिळाला. इतक्या महिन्यांत एक ओळ, आणि तीही मोबाइलवर. ‘आईला रस्त्यावर बसवलंस?’

आपल्या जुन्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी जाताजाता फोटो काढला आणि तुला पाठवला. फोटोत आई गल्ल्याच्या टेबलामागे बसली आहे, डोक्याला रुमाल, हातात दुधी. मान्य. ती आपली आईच आहे.

पण ‘बसवलंस’ म्हणू नकोस. बसली. मी शेतात असायचे, तुझा दादा पाणी सोडायला, आणि गाडी थांबली की आई ओसरीवरून उठून जायची. ‘मी बघते’ म्हणायची. मग एक दिवस स्वतःची खुर्चीच घेऊन गेली. तिला उठवून दाखव तू. तू वकील आहेस ना, वाद घाल तिच्याशी.

परवाचंच सांगते. मोठ्या गाडीतला एक गृहस्थ भेंडीची टोकं मोडून बघत होता. एक मोडली, दुसरी मोडली, आणखी मोडली. आई म्हणाली, “किती मोडणार हो?”

“कोवळी आहे का बघतोय, आजी.”

“मग असं करते, मोडलेल्या सगळ्या तुमच्याच पिशवीत टाकते. घरी जाऊन निवांत बघा.”

तो लाजला. आणि पुढच्या रविवारी बायकोला घेऊन आला. बायको म्हणाली, “यांना कोण ओरडलं ते बघायला आले.” आईने त्यांना वांगं कसं निवडायचं ते शिकवलं आणि दोघं शहाण्या मुलांसारखी ऐकत उभी राहिली. शिक्षिकाबाई तर भाजी नको असली तरी थांबतात. त्यांच्या सुनेचं काय बिनसलंय ते सबंध आमच्या बाजाराला ठाऊक आहे.

तू त्या बिल्डिंगमधली आई आठवतेस. मला कुठली आठवते सांगू? दुपारी टीव्हीचा आवाज बंद ठेवून चित्रं बघत बसलेली. मी लॅबमधून आले की विचारायची, “आज कोण कोण आलं होतं?” माझ्याकडे नळ्या यायच्या, माणसं नाही. तरी मी तिला काहीबाही रचून सांगायचे.

बाकी सगळं जोरात आहे. इतकं की गाड्या उभ्या करायला जागा पुरत नाही. वरच्या बाजूला उतारावर लावतात. तुझा दादा म्हणतो, तिथे बांध घालायला हवा, मोठे दगड लावायला हवेत. त्याचाही नकाशा काढलाय त्याने. मी म्हटलं, हंगाम जाऊ दे, आता माती काढायला घेतली तर गिऱ्हाईक उभं कुठे राहणार? त्याने नकाशा गुंडाळून ठेवला.

मी रागावले आहे तुझ्यावर. तरी सही करते,

वहिनी


११ जून

प्रिय वकीलबाई,

काल तू फोन केलास. मी किती वाट बघितली त्या फोनची, आणि आला तेव्हा दोन मिनिटांत ठेवून दिला. तुला विचित्र वाटलं असेल. आई झोपली होती, खरंच झोपली होती. आणि तिचा घसा बसलाय. बोलता आलं नसतं. थोड्या दिवसांनी कर.

बाजार सध्या बंद ठेवलाय. शेडचं काम काढलंय. एक खांब बदलायचाय, गल्ला नवीन करायचाय. तुझा दादा बघतोय सगळं.

अक्षर वाईट आलंय ते समजून घे. या बाकाला पाठ नाही आणि तो इतका गुळगुळीत आहे की माणूस हळूहळू पुढे सरकत जातो. समोरच्या बाई मघापासून माझ्या पायाकडे बघतायत. हलतोय तो. थांबवला की दुसरा हलायला लागतो.

आणखी लिहायचं होतं. आतून हाक आली. बंद करते.


१५ जून

काही लपवायला माझ्याकडे आता ताकद नाही.

घसा बसला नव्हता. आईचं खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, नीट झालं, डॉक्टर म्हणतात की ती चालेल. आधी हे वाच, मग बाकीचं.

उतारावर एक गाडी लावली होती. गाडीवाला हँडब्रेक लावायला विसरला. तो इकडे फ्लॉवर निवडत होता, आई त्याच्याशी बोलत होती. गाडीत कुणी नव्हतं. इंजिन बंद, त्यामुळे आवाजही नाही. मी मिरचीच्या वाफ्यात होते. मान वर केली तेव्हा मला एक पांढरी गाडी शांतपणे आमच्या शेडकडे जाताना दिसली. कुणीतरी आरामात चालवत नेतंय असं वाटलं. मी हाक मारली, पण काय म्हणून मारली ते मलाही कळलं नाही. गाडीने गल्ल्याचं टेबल ढकललं आणि टेबलाने आईला खांबाशी दाबलं.

ठिणगी धावत आला. तो, तुझा दादा आणि तो गाडीवाला, तिघांनी मिळून गाडी मागे ढकलली. गाडीवाला रडत होता. आई त्याला म्हणाली, “अहो, तुमची पिशवी घेऊन जा.” त्यानंतर तिची शुद्ध हरपली.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य: “तिला सांगू नका. ती मला घेऊन जाईल.” तिला म्हणजे तुला. मी लगेच हो म्हटलं. बाहेर आल्यावर तुझ्या दादाला सांगितलं की आईचीच तशी इच्छा आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

“आईसाठी लपवतेयस की बाजारासाठी?”

मी म्हटलं, “दोन्हीसाठी.” तो म्हणाला, “मग निदान तिला तसं कळव.”

परत येऊन त्याने शेडला साखळी लावली. पाटी काढली. लोक थांबतात, साखळी बघतात, जातात. टोमॅटो झाडावरच फुटतायत. मी तोडते, क्रेट भरते, मग ते कुणाला द्यायचे ते सुचत नाही म्हणून ठिणगीच्या दुकानासमोर ठेवून येते. दिवसभर मी घर ते शेड, शेड ते घर करते. हॉस्पिटलमध्ये जाते तर तिथून पळावंसं वाटतं, इथे येते तर तिथे जावंसं वाटतं.

तू ये. तिला न्यायचं असेल तर ने. मी तुला अडवणार नाही. अडवावंसं वाटतंय, पण अडवणार नाही.

वहिनी


२२ ऑगस्ट

प्रिय वकीलबाई,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, पूर्ण पानभर. तू येऊन आईला घेऊन गेलीस तेव्हा गाडीत बसेपर्यंत आपण दोघी फक्त औषधांबद्दल बोललो होतो. म्हणून हे पत्र मी आधी खिशात ठेवून शेतभर फिरले आणि मग उघडलं.

तू लिहितेस, आई वॉकर धरून चालते, जखम भरली, पण जेवत नाही नीट. दिवसभर खिडकीशी बसते. काही विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणते. आणि शेवटी विचारलंस: तिथे ती दिवसभर काय करायची?

तर ऐक. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची. पालेभाजीच्या जुड्या तिच्या. मी बांधलेली जुडी ती सोडून पुन्हा बांधायची. ढीग ती मांडायची, दर वेळी वेगळे. खोकणाऱ्या माणसाला काकडी द्यायची नाही. नवीन लग्न झालेल्यांना भाजी देताना ती कशी टिकवायची हे सांगायची, आणि ती दोघं कशी भांडत असतील ते गाडी गेल्यावर मला सांगायची. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की खुर्चीतच डुलकी काढायची आणि मी उठवलं तर म्हणायची, डोळे मिटून हिशेब करत होते. हलके क्रेट उचलायची. होय, उचलायची. मी बघितलं की खाली ठेवायची. संध्याकाळी पाय सुजायचे. मी बघू नये म्हणून ती ते गल्ल्याखाली ओढून घ्यायची. कधी चिडायची, माझ्यावर, तुझ्या दादावर, ठिणगीवरही. आणि जेवताना भूक लागली म्हणून दोनदा वाढून घ्यायची.

तुला आणखी एक सांगते. मागच्या आठवड्यात मी तिला फोनवर म्हटलं, आई, लवकर बरी हो, सगळे विचारतात तुला. ती म्हणाली, “मला आता गाडी जवळ आली की अंग आक्रसतं गं. तुमच्या रस्त्यावर कशी बसू?” इतके दिवस मी समजत होते की तू तिला अडवून ठेवलंयस. मनातल्या मनात तुझ्याशी रोज भांडत होते, वाफे खुरपताना, भांडी घासताना. तू जिंकू नयेस म्हणून नवे नवे मुद्दे काढत होते. आणि आई घाबरली आहे, एवढंच होतं.

तर तिला बाजार नको असेल कदाचित. पण काम हवंय. भाजी आणायला तिला सोबत ने, निवडू दे. तू निवडलेली तिला आवडणार नाही, तुला बोलेल ती. बोलू दे.

इकडे तुझ्या दादाने साखळी काढली. मी सांगितलं नव्हतं. एका सकाळी ठिणगीला घेऊन शेडचे खांबच उपटले आणि सगळी शेड आत, आपल्या घराच्या जवळ आणली. उतारावर मातीचा बांध घातला, त्यापुढे दगड. या खेपेला कागद काढला नाही. मी विचारलं, “नकाशा?” तर म्हणाला, “डोक्यात आहे.” दगड लावताना त्याच्या हाताची सालं निघाली. मी हातमोजे नेऊन दिले तेव्हा त्याने घातले नाहीत. तो स्वतःवरच राग काढतोय असं मला वाटलं, आणि थोडा माझ्यावरही. मी शेजारी उभी राहून दगड द्यायला लागले. बांध पूर्ण होईपर्यंत दोघंही तिथून हललो नाही.

बाजार पुन्हा सुरू आहे. गल्ल्यावर मी बसते. वाईट बसते. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत मी उभी राहिलेली असते.

वहिनी


९ नोव्हेंबर

प्रिय वकीलबाई,

तू आईला सोडून परत गेलीस त्या दिवशी तुला बसमध्ये बसवून आले आणि वाटेत मला आठवलं, तू जाताना मला मिठी मारलीस आणि मी घाईघाईने सुटले, कारण गल्ल्यावर बसायला कुणी नव्हतं. तुला वाईट वाटलं नसेल अशी आशा आहे. मला नंतर वाटलं.

‘मला घरी ने’ असं आई तुला स्वतःहून म्हणाली, हे तू तीनदा सांगितलंस. मी काही तुझ्यावर संशय घेत नव्हते. पण ती घरी म्हणाली होती, बाजारात नाही. ते पहिल्याच दिवशी कळलं. तिला वाटलं बसून बघावं. मी खुर्ची ठेवली. बांधाच्या पलीकडे एक गाडी येऊन थांबली, चांगली लांब, दगडांच्या मागे. आईने अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला. ती म्हणाली, “मला आत घे.”

तुझ्या दादाने लगेच तिला उचलूनच आत आणलं. ती त्याला रागावली, “मला चालता येतं.” आता ती मागच्या खोलीत बसते, माल धुऊन ठेवतो तिथे, रस्त्याकडे पाठ करून. जुड्या बांधते, शेंगा सोलते. शिक्षिकाबाईंनी विचारलं, “आजी नाहीत?” मी म्हटलं, “आत आहेत.” त्या गल्ला ओलांडून सरळ आत गेल्या आणि शेंगा सोलायला बसल्या. त्यांच्यामागे आणखी एक बाई गेल्या. काल आत इतक्या बायका होत्या की मला पालक आणायला जाता येईना. बाहेर गिऱ्हाईक कमी आणि आत गप्पा जास्त असा आमचा बाजार झाला आहे. ठिणगी म्हणतो, आत एक बाक करून देतो.

मी बाहेर असते. आतलं हसू ऐकू येतं, कशावरून ते कळत नाही. उठून जावंसं वाटतं. पण गाडी आली की कुणीतरी तिच्याकडे बघत राहायला हवं, चाकं थांबेपर्यंत, माणूस ब्रेक ओढून खाली उतरेपर्यंत. ते मी करते. माणसं म्हणतात, बाई किती टक लावून बघतात. म्हणू देत.

तू विचारलंस, आई खूश आहे का. मी दोन दिवस या एका प्रश्नापाशी अडले आहे. काल ती हसत होती. परवा रस्त्यावर कुणाचा तरी ब्रेक करकचला तेव्हा तिच्या मांडीवरच्या सगळ्या शेंगा खाली सांडल्या, आणि तिने त्या कुणालाही उचलू दिल्या नाहीत. रात्री छान जेवली. मला माहीत नाही गं.

दुपारी गर्दी नसते. तेव्हा फोन कर. मी तो तिच्या हातात देईन आणि बाहेर गल्ल्यावर जाऊन बसेन, म्हणजे ती तुझ्याशी हवं ते बोलेल.

तुझी
वहिनी